पडलेला उमेदवार

मराठी भाषेने एक मोठी गंमत करून ठेवली आहे. निवडणुकीला माणूस ‘उभा’ राहतो आणि हरला की ‘पडतो’. राजकारणात मात्र तो पहिल्या दिवसापासून ‘पडलेला’च असतो! ‘अमका राजकारणात पडला’ असे आपण म्हणतो, ते ‘अमका विहिरीत पडला’ याच सुरात. सकाळी वर्तमानपत्र चाळताना घरातली वडीलमाणसे चहाच्या एका घोटाबरोबर म्हणतात, ‘चांगल्या माणसांनी राजकारणात गेलेच पाहिजे!’ आणि दुसऱ्या घोटाबरोबर सांगतात, ‘आपल्या बंडूला मात्र हा नाद नको हो.’ चांगली माणसे सर्वांनाच हवी असतात. फक्त ती शेजारच्या घरातली असावीत एवढीच इच्छा असते.

समजा, बंडू ऐकतच नाही. गरिबी जावी, कामगाराला पोटभर मिळावे, म्हातारपणी कोणी उघड्यावर पडू नये, असे त्याला मनापासून वाटते. मग त्याच्यापुढे पहिलाच पेच उभा राहतो. चार समविचारी मित्रांचा लहानसा, स्वच्छ, सोवळ्यातला पक्ष काढावा आणि दर निवडणुकीत सन्मानाने अनामत रक्कम गमवावी? की मोठ्या पक्षाच्या चिखलात उतरावे आणि तिथूनच वाट काढावी? सोवळे सांभाळले तर सत्ता नाही. सत्तेच्या मागे लागले तर सोवळे राहील की नाही याचा भरवसा नाही. डाव्या, पुरोगामी विचारांच्या माणसाला हा प्रश्न जगभर आणि दर पिढीत छळत आला आहे.

दिवाळीच्या दिवसांत कोणी उपदेश केलेला आवडत नाही, गोष्ट मात्र चालते. म्हणून आज गोष्टच सांगतो. ती आहे अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातली, १९३४ सालची. तिचा नायक निवडणुकीत पडला. आणि सपशेल पडला.

पोटाला लागलेला बाण

अप्टन सिंक्लेअर हे नाव जुन्या वाचकांना अपरिचित नाही. त्याचा जन्म १८७८ सालचा, बाल्टिमोर शहरातला. बाप दारूचा फिरता विक्रेता, आणि विकायच्या मालाचा स्वतःच मोठा गिऱ्हाईक. त्यामुळे घरी दारिद्र्य. पण आजोळ मात्र श्रीमंत. आज ढेकणांनी भरलेल्या भाड्याच्या खोलीत, तर उद्या नातेवाइकांच्या वाड्यात, असे त्या मुलाचे बालपण गेले. एकाच देशात दोन देश नांदतात हे त्याला पुस्तकात वाचावे लागले नाही.

ऐन पंचविशीत तो शिकागोच्या कत्तलखान्यांच्या वस्तीत सात आठवडे जाऊन राहिला. कामगारांत मिसळला, त्यांच्या खोल्या पाहिल्या, त्यांची आजारपणे पाहिली. त्यातून ‘द जंगल’ ही कादंबरी १९०६ साली पुस्तकरूपाने बाहेर पडली. कामगारांच्या हालांनी अमेरिकेचे काळीज हलावे म्हणून त्याने ती लिहिली होती. पण वाचकांनी नेमके लक्ष दिले ते डबाबंद मांसात काय काय घाण जाते याच्या वर्णनाकडे. लोक कामगारांसाठी रडले नाहीत. आपल्या ताटाकडे पाहून मात्र दचकले. त्याच वर्षी जूनअखेर मांस-तपासणीचा आणि शुद्ध अन्न व औषधांचा असे दोन कायदे झाले. आपण नेम धरला तो लोकांच्या हृदयावर आणि बाण लागला पोटाला, असे तो पुढे खंतावून म्हणत असे.

हा गृहस्थ समाजवादी पक्षाचा कट्टर सभासद. पक्षाने सांगितले की निवडणुकीला उभे राहायचे आणि रीतसर पडायचे, हा त्याचा क्रमच होऊन गेला. १९०६ साली न्यू जर्सीतून काँग्रेसच्या निवडणुकीत तो उभा राहिला तेव्हा त्याला जेमतेम ७५० मते पडली. पुढे तो कॅलिफोर्नियात राहायला गेला. तिथे १९२६ आणि १९३० अशा दोन वेळा गव्हर्नरपदासाठी उभा राहिला. (हा गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल नव्हे. तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्रीच समजा. फरक इतकाच की तो थेट जनतेच्या मतांनी निवडला जातो.) १९३० साली त्याच्या पदरात पन्नास हजारांच्या आसपास मते पडली. राज्याच्या मानाने ही चिमूटभरच. माणूस प्रसिद्ध होता, पुस्तके हातोहात खपत होती. लोक वाचत त्याला, आणि मत देत दुसऱ्याला!

याला केवळ शब्दांचा शूर मात्र म्हणता येणार नाही. १९२३ साली सान पेद्रोच्या बंदरात गोदी कामगारांचा संप चालू असताना सभाबंदी झाली. हा तिथल्या टेकडीवर गेला आणि अमेरिकेच्या राज्यघटनेतले भाषणस्वातंत्र्याचे कलम मोठ्याने वाचू लागला. पोलिसांनी त्याला घटना वाचल्याबद्दल पकडून नेले!

पक्ष बदलला

१९२९ सालच्या मंदीने अमेरिकेचे कंबरडे मोडले. १९३३ साली दर चार कामकऱ्यांमागे एकाला काम नव्हते. कॅलिफोर्नियात तर विचित्र देखावा होता. बागा फळांनी लगडलेल्या, पण तोडणावळही सुटत नाही म्हणून फळे सडून जात. आणि त्याच बागांच्या कुंपणाबाहेर उपाशी माणसे. कारखाने बंद, यंत्रे गंजत पडलेली. आणि त्याच यंत्रांवर हात बसलेले कारागीर फुकट जेवणाच्या रांगेत.

१९३३ च्या उन्हाळ्यात काही डेमोक्रॅट मंडळींनी सिंक्लेअरला गळ घातली, ‘आमच्या पक्षातून उभे राहा.’ हे ऐकून आपल्या वाचकाला नवल वाटेल. आपल्याकडे तिकीट द्यायचे ते पक्षाचे वरिष्ठ. इच्छुकांनी दिल्ली-मुंबईच्या वाऱ्या करायच्या, दाराबाहेर ताटकळायचे, आणि शेवटच्या रात्री यादीत भलत्याचेच नाव पाहायचे! अमेरिकेत तशी रीत नाही. तिकडे बहुतेक राज्यांत आधी पक्षापक्षाची प्राथमिक निवडणूक होते. सामान्य मतदारच मते देऊन पक्षाचा उमेदवार ठरवतात. म्हणजे एखाद्या उपऱ्याने पुरेसे मतदार गोळा केले तर तो वरिष्ठांच्या नाकावर टिच्चून पक्षाचे तिकीट मिळवू शकतो. किल्ल्याला हा असा एक दिंडीदरवाजा आहे.

सिंक्लेअर त्या दरवाजाने आत शिरला. सप्टेंबर १९३३ मध्ये त्याने नोंदणी-कचेरीत जाऊन आपले नाव डेमोक्रॅट म्हणून लिहवले. वय पंचावन्नाच्या उंबरठ्यावर. सगळे आयुष्य ज्या पक्षात घालवले तो पक्ष एका सहीनिशी सुटला.

जुने सोबती संतापले. समाजवाद्यांचे नेते नॉर्मन थॉमस यांनी जाहीर टीका केली. सिंक्लेअरचा स्वतःचा मुलगाही समाजवादी. त्यालाही बापाची ही उडी रुचली नाही. ‘विचार विकला’ हा आरोप परक्याने केला तर माणूस हसून सोडून देतो. तो पोटच्या मुलाच्या तोंडून ऐकणे ही गोष्ट निराळी. सिंक्लेअरचे उत्तर साधे होते: विचार तोच आहे, फक्त पाटी बदलली आहे. लोकांना माल हवा आहे. पाटी पाहून ते दुकानात शिरत नाहीत.

निवडून येण्याआधीच गव्हर्नर!

लेखकच तो! प्रचाराची सुरुवात त्याने पुस्तक लिहून केली. चौसष्ट पानांची पुस्तिका. नाव ‘मी, कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर, आणि मी गरिबी कशी संपवली’. आपण निवडून आलो, चार वर्षे राज्य केले, गरिबी संपली आणि आता घरी चाललो, असा भविष्यकाळाचा इतिहास त्यात त्याने भूतकाळात लिहिला होता! लाखावर प्रती खपल्या, आणि त्या विक्रीच्या पैशावरच प्रचार चालला. उमेदवाराने मतदारांना पैसे वाटण्याऐवजी मतदारांनीच उमेदवाराची पुस्तिका विकत घ्यायची, असा हा उलटा व्यवहार होता.

योजनेचे नाव ‘कॅलिफोर्नियातील गरिबीचा अंत’. इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक तिला ‘एपिक’, म्हणजे महाकाव्य, म्हणू लागले. तिचे सार असे: पडीक जमिनी आणि बंद कारखाने सरकारने ताब्यात घ्यावेत वा भाड्याने घ्यावेत. बेकारांनी तिथे राबून स्वतःपुरते धान्य, कपडे, चपला तयार कराव्यात आणि आपसांत अदलाबदल करावी. साठी उलटलेल्या आणि राज्यात तीन वर्षे राहिलेल्या गरजू वृद्धांना महिना पन्नास डॉलर निवृत्तिवेतन द्यावे. लेकुरवाळ्या विधवांना आणि अपंगांनाही तेवढेच. गोरगरिबांना भिडणारा विक्रीकर काढावा आणि बड्या उत्पन्नांवर चढता प्राप्तिकर बसवावा.

योजनेत भोके नव्हती असे नाही. बेकारांच्या कारखान्यांना यंत्रे, कच्चा माल, वाहतूक कुठून मिळणार, त्यांच्या कागदी कुपनांना बाजारात कोण विचारणार, याची उत्तरे अर्धवटच होती. परंतु ज्याच्या घरात चूल पेटलेली नाही त्याला अर्धे उत्तरही देणारा दुसरा कोणी समोर नव्हता. हां हां म्हणता गावोगावी ‘एपिक’ मंडळे निघाली, शेकड्यांनी निघाली. बायकांनी केक भाजून विकले, जेवणावळी घातल्या, नाटुकली केली. चळवळीचे स्वतःचे साप्ताहिक निघाले. चिन्ह ठरले मधमाशी: कष्ट करून मध साठवणारी, आणि डिवचले तर डंख मारणारी.

विजयाचे दोन महिने

२८ ऑगस्ट १९३४ रोजी प्राथमिक निवडणूक झाली. पक्षातल्या जुन्या धुरीणांचा मोहरा होता जॉर्ज क्रील. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारचे प्रचारखाते चालवलेला माणूस. क्रीलला मते पडली २ लाख ८८ हजार. सिंक्लेअरला ४ लाख ३६ हजार. बाकीच्या साऱ्या उमेदवारांच्या बेरजेपेक्षाही त्याची मते जास्त होती. चार वर्षांपूर्वी पन्नास हजारांवर अडकलेला माणूस आज राज्यातल्या एका मोठ्या पक्षाचा अधिकृत उमेदवार होऊन बसला. पाटी बदलल्याने काय होते, याचा हा रोकडा पुरावा.

आठवड्याभरात तो आगगाडीने देश ओलांडून अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या भेटीला हाइड पार्कला गेला. दोन तास गप्पा झाल्या. लहानपणी सकाळी न्याहारीच्या वेळी आई ‘द जंगल’ वाचून आमचे जेवण नासवत असे, असे रूझवेल्ट हसत म्हणाल्याचे सिंक्लेअरने लिहून ठेवले आहे. वास्तविक पुस्तक निघाले तेव्हा रूझवेल्ट चोवीस वर्षांचे होते. पण कसलेला पुढारी पाहुण्याला खूश करायचे ठरवतो तेव्हा तारीखवार पाहत नाही. आपल्या योजनेच्या बाजूने अध्यक्ष लवकरच रेडिओवर बोलतील अशी खात्री घेऊन सिंक्लेअर परतला. ऑक्टोबर आला, गेला. रूझवेल्ट त्या बाबतीत चकार शब्द बोलले नाहीत. मोठ्या माणसाने मान डोलवली म्हणजे ‘होय’ म्हटले असे समजू नये, हा राजकारणातला पहिला धडा. भाबडा सिंक्लेअर तो छप्पन्नाव्या वर्षी शिकला.

इकडे घरचेच फिरले. सप्टेंबरात पक्षाच्या सभेत गळ्यात गळा घालणारा क्रील ऑक्टोबरात पाठिंबा काढून मोकळा झाला. पक्षाच्या वरच्या वर्तुळातले लोक प्रतिस्पर्ध्याशीच आतून संधान बांधू लागले. दिंडीदरवाजाने किल्ल्यात शिरता येते. पण आतले किल्लेदार सलाम करतीलच असे नाही.

चिखलाचा कारखाना

प्रतिस्पर्धी होता रिपब्लिकन पक्षाचा फ्रँक मेरियम. आधीचा गव्हर्नर जून महिन्यात वारल्यामुळे तो त्या खुर्चीवर आला होता. जुलैत सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी संपावर त्याने लष्करी दले पाठवली होती. त्याच्यावर प्रेम करावे असे त्याच्यात फारसे काही नव्हते, हे त्याच्या बाजूच्या लोकांनाही ठाऊक होते. तेव्हा मेरियमला लोकप्रिय करण्याचा खटाटोप न करता सिंक्लेअरलाच बदनाम करायचे, असे ठरले.

क्लेम व्हिटेकर आणि लिओन बॅक्स्टर या जोडीने आदल्याच वर्षी एक नवलाईचे दुकान उघडले होते. पैसे घेऊन निवडणूक लढवून देण्याचे! लग्नाचा ठेका घेणारे असतात, तसे हे निवडणुकीचे ठेकेदार. त्या धंद्यातली ही बहुधा जगातली पहिलीच पेढी. त्यांनी सिंक्लेअरची झाडून सारी पुस्तके आणली, दार लावून घेतले आणि वेचे काढत बसले. तीस वर्षे लेखणी चालवलेल्या माणसाने धर्म, लग्न, बँका, वैद्य, शाळा यांवर काय काय लिहिलेले नसते! त्यातही खुबी अशी की कादंबरीतल्या एखाद्या त्रासलेल्या पात्राच्या तोंडची वाक्ये लेखकाची मते म्हणून छापली गेली. विवाहसंस्थेवरचा विश्वास उडाल्याचे कादंबरीतले पात्र म्हणते; वर्तमानपत्रातल्या चौकटीत ते सिंक्लेअर म्हणतो! या न्यायाने खलनायक रंगवणारा प्रत्येक नाटककार फासावर जायला हवा. लॉस एंजेलिसच्या एका बड्या दैनिकाच्या पहिल्या पानावर असे वेचे दिवसामागून दिवस झळकत राहिले.

दारूगोळा सिंक्लेअरने स्वतःही पुरवला. तो बोलघेवडा होता. बातमीदारांशी गप्पा मारताना तो थट्टेने बोलून गेला की मी निवडून आलो तर देशातले निम्मे बेकार कॅलिफोर्नियात येतील. झाले! रस्तोरस्ती मोठमोठे फलक लागले. एका वर्तमानपत्राने आगगाडीतून उतरणाऱ्या भणंगांच्या झुंडीचे छायाचित्र छापले. पुढे उघडकीला आले की ते एका बोलपटातले दृश्य होते. ‘सिंक्लेअर-डॉलर’ म्हणून लाल रंगाच्या टिंगलीच्या नोटा छापून वाटण्यात आल्या.

सर्वांवर कडी केली हॉलिवुडने. सिंक्लेअर निवडून आला तर आपल्यावर कर वाढेल, ही चित्रपटधंद्यातल्या धनिकांची भीती. अनेक स्टुडिओंत नोकरांच्या पगारातून एकेक दिवसाची रक्कम मेरियमच्या निधीसाठी मागितली गेली. एमजीएमचा प्रमुख लुई मेयर हा रिपब्लिकन पक्षाचा पुढारी. त्याचा उजवा हात अर्व्हिंग थालबर्ग. त्यांनी वार्तापट काढले. जुन्या वाचकांना आठवत असेल, पूर्वी चित्रपटाआधी थिएटरात वार्तापट दाखवत. या वार्तापटांत एक मुलाखतकार रस्त्यावरच्या माणसांना विचारतो, मत कोणाला? नीटनेटक्या कपड्यांतली आजी म्हणते, मेरियमला, माझे घरकुल वाचावे म्हणून. दाढी वाढलेला, उच्चारावरून परदेशी वाटणारा इसम म्हणतो, सिंक्लेअरला. यातली काही माणसे पैसे देऊन आणलेली होती आणि त्यांचे बोल आधीच लिहिलेले होते. लोक प्रेमकथा पाहायला जात आणि भीती घेऊन घरी येत. २०२० सालच्या ‘मँक’ या चित्रपटात हॉलिवुडने आपल्याच या जुन्या पापाचे चित्रण केले आहे.

आज घराघरांत मोबाईलवर चलच्चित्रे येऊन आदळतात. ती खरी की बनावट हे न पाहता आपण ती भावजींना, मेहुण्याला, सोसायटीच्या गटाला पाठवून मोकळे होतो. ‘कलियुग आले हो’ असे म्हणण्याचे कारण नाही. हे कलियुग १९३४ सालीच आले होते. तेव्हा ते थिएटरात तिकीट काढून पाहावे लागे; आता फुकट मिळते एवढेच.

मतांची बेरीज

६ नोव्हेंबर १९३४. मेरियम: ११ लाख ३८ हजार. सिंक्लेअर: ८ लाख ७९ हजार. उमेदवार पडला. पण तिसरा आकडा पाहा. रेमंड हाइट हा तिसऱ्या, मध्यममार्गी बाजूचा उमेदवार. त्याने ३ लाख २ हजार मते घेतली. सिंक्लेअर आणि हाइट यांची बेरीज मेरियमपेक्षा चाळीस हजारांहून जास्त होते. हाइटची सगळी मते सिंक्लेअरलाच पडली असती असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. बरेच जण दोघांनाही कंटाळून हाइटकडे गेले होते. पण राज्यातले निम्म्याहून अधिक मतदार मेरियमच्या विरुद्ध होते आणि तरीही मेरियम गव्हर्नर झाला, एवढे खरे. ज्या समाजवादी पक्षाने सिंक्लेअरला वाळीत टाकले त्याच्या स्वतःच्या उमेदवाराला तीनएक हजार मते पडली. सोवळे शाबूत राहिले, पंगत मात्र मिळाली नाही.

हे गणित आपल्या चांगल्या ओळखीचे आहे. योगायोग असा की त्याच १९३४ सालच्या ऑक्टोबरात, तिकडे वार्तापटांचा धुरळा उडत असताना, इकडे मुंबईत काँग्रेस समाजवादी पक्षाची स्थापना-परिषद भरली होती. नाशिकच्या तुरुंगात ज्यांनी या पक्षाची कल्पना घोळवली त्यांत जयप्रकाश नारायण होते, अच्युतराव पटवर्धन होते, अशोक मेहता आणि मिनू मसानी होते. पेच तोच: काँग्रेसमध्ये राहून तिला डावीकडे वळवायचे की बाहेर पडून आपली चूल मांडायची? चौदा वर्षे ते आत राहिले. १९४८ साली, पुन्हा नाशिकलाच, बाहेर पडण्याचा निर्णय झाला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत समाजवादी पक्षाला देशभरात दहा टक्क्यांहून अधिक मते पडली, आणि लोकसभेत जागा मिळाल्या फक्त १२. कम्युनिस्टांना तीन-साडेतीन टक्के मतांवर १६ जागा मिळाल्या. कारण त्यांची मते ठराविक मुलखात एकवटलेली होती, समाजवाद्यांची देशभर विखुरलेली. मिठाचा खडा एका भांड्यात टाकला तर चव येते. तळ्यात टाकला तर कोणाला कळतही नाही.

उलट उदाहरणही आपल्याच दारचे आहे. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन एका मांडवाखाली आले, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात भल्याभल्यांच्या खुर्च्या गेल्या आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. एकमेकांशी पटत नव्हते, पण बेरीज करता येत होती.

हरला कोण?

आता गोष्टीचा शेवट. सिंक्लेअर पडला आणि लगेच लिहायला बसला! ‘मी उमेदवार होतो आणि मी मार कसा खाल्ला’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक त्याने हातोहात लिहून काढले आणि ते अनेक वर्तमानपत्रांतून क्रमशः प्रसिद्धही झाले.

पण निवडणूक नुसती गव्हर्नरची नव्हती. त्याच दिवशी ‘एपिक’चे दोन डझनांच्या आसपास उमेदवार राज्याच्या विधिमंडळात निवडून आले. त्यातला कल्बर्ट ओल्सन चारच वर्षांनी, १९३८ साली, मेरियमला पाडून गव्हर्नर झाला. चाळीस वर्षांतला पहिला डेमोक्रॅट. बावीस वर्षे तुरुंगात खितपत पडलेल्या टॉम मूनी या कामगार पुढाऱ्याला त्याने सत्तेवर येताच मुक्त केले. आणखी एक उमेदवार ऑगस्टस हॉकिन्स. हा कृष्णवर्णीय तरुण त्या वर्षी प्रथम निवडून आला आणि पुढे अमेरिकन काँग्रेसमध्ये १९९१ पर्यंत बसला. खुद्द मेरियमला १९३५ साली राज्यात प्राप्तिकर आणावा लागला. सिंक्लेअरला ज्या करासाठी शिव्या पडल्या, त्यावर सही मेरियमची झाली! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रूझवेल्ट यांनी वृद्धांच्या निवृत्तिवेतनाची तरतूद असलेल्या सामाजिक सुरक्षा कायद्यावर सही केली. त्यामागे एकट्या सिंक्लेअरची पुण्याई नव्हती, अनेक चळवळींचा रेटा होता. पण आठ लाख एकोणऐंशी हजार मते ही कोणत्याही अध्यक्षाला ऐकू जाईल अशी कुजबुज होती.

मग बंडूने करावे काय? मला वाटते, सिंक्लेअर दोन ठिकाणी चुकला आणि एके ठिकाणी बरोबर होता. चुकला तो असा की त्याने पक्षाचे तिकीट मिळवले, पण पक्षातली माणसे मिळवली नाहीत. आत शिरल्यावर ओसरीवर, स्वयंपाकघरात, माजघरात ऊठबस करावी लागते. त्याला ती नको होती. दुसरे, प्रतिपक्ष चिखल फेकणार हे ठाऊक असताना तो एकेक गोळा स्वतःच मळून देत राहिला. परंतु लोकांपर्यंत जायचे तर लोक जिथे आहेत तिथे गेले पाहिजे, हे त्याचे म्हणणे बरोबर होते. चाळीस वर्षे ७५० मतांची शुद्धता मिरवली असती तर ना ओल्सन गव्हर्नर झाला असता, ना मूनी सुटला असता.

आणि बंडूच्या घरच्यांनी? त्यांनी निदान एवढे करावे: चौकटीत छापलेले वाक्य पात्राचे की लेखकाचे, आणि पडद्यावरची आजी खरी की भाड्याची, एवढी चौकशी करून मगच मतदानाला जावे. उभे राहण्याचे धैर्य सर्वांना नसते. पण उभ्या राहिलेल्याला खोटेपणाने पाडण्यात आपला हात नसावा, एवढे तरी प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.

सिंक्लेअर पुन्हा आपल्या टेबलाशी गेला. पुढे अकरा कादंबऱ्यांची एक मालिका लिहिली. त्यातल्या एकीला १९४३ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. डिसेंबर १९६७ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी मांस-तपासणीच्या नव्या, अधिक कडक कायद्यावर सही केली. त्या वेळी व्हाइट हाउसमध्ये चाकांच्या खुर्चीत एक म्हातारा मुद्दाम बोलावून आणून बसवला होता. वय वर्षे एकोणनव्वद. सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षी सोडलेला बाण साठ वर्षांनीही पुढे सरकत असलेला तो पाहत होता. पुढल्याच वर्षी तो वारला.

त्याला पाडणाऱ्या मेरियमचे नाव आज कॅलिफोर्नियातही फारसे कोणी घेत नाही.